पाण्याआधीचं वजन

सुरतेत नोकरीला होतो असं सांगितलं की समोरचा विचारतो, "कापडात की हिऱ्यात?" मी सांगायचो, दुधात. हे अगदी खोटं नव्हतं. कोसाडच्या वसाहतीत आमच्या शेजारी सगळे लूमवर, डाइंगमध्ये नाहीतर हिरे घासायला जाणारे. मी सकाळी सहाला मोपेडच्या मागे लोखंडी काटा आणि गोणपाटाची झोळी बांधून निघायचो. दूधवाल्या खात्यातला माणूस एवढ्यावर लोकांचं समाधान होत असे आणि मी ते होऊ देत असे.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली आहेत, तेव्हा नीट सांगतो. दुधाच्या धंद्याला जे नको असतं, ते माझं काम होतं.

म्हैस व्याली आणि पारडी झाली तर तबेल्यात आनंद असतो. पुढं तीच म्हैस होणार. नर झाला, ज्याला सुरतेत पाडा म्हणतात, तर सगळ्यांची तोंडं उतरतात. तो पोटभर दूध प्यायला तर विकायला तेवढं कमी. शेतात ट्रॅक्टर आलेले, त्यामुळे मोठा झाला तरी गिऱ्हाईक नाही. मग त्याला हातभर दोरीनं कोपऱ्यात बांधायचं. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून दोन मिनिटं आचळाशी न्यायचं आणि ओढून परत बांधायचं. पहिल्या तीन दिवसांचा चीक, जो त्याच्या जगण्यासाठी सगळ्यात गरजेचा, तोही खरवसासाठी गिऱ्हाइकांकडे जातो. बहुतेक पाडे महिनाभरात आपोआप मरतात. मेल्यावर कातड्यात पेंढा भरून ते म्हशीसमोर उभं करतात. ती ते चाटते आणि दूध देते.

माझ्या बायकोच्या हातचा खरवस फार चांगला होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून मी तो खाणं सोडलं. गोड नको म्हणून, असं घरात सांगितलं.

नव्वदच्या दशकात सरकारनं या नर रेडकांसाठी एक योजना आणली. चीक पाजा, दोरी लांब ठेवा, जमीन कोरडी ठेवा, जंताचं औषध द्या, दाणा आम्ही देतो. रेडकू नीट वाढवा आणि ठरलेल्या वजनाचं झालं की विका. कोणाला विका, हे आमच्या गुजराती माहितीपत्रकात कुठंच नव्हतं. मूळ कागदात स्पष्ट होतं. कोवळ्या जनावराच्या मांसाला बाहेरच्या देशांत मागणी होती आणि उपाशी मरून वाया जाणारी जनावरं त्यासाठी वाढवता येतील, असा तो हिशेब होता. मला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. कोपऱ्यात बांधून उपाशी मारण्यापेक्षा वर्ष-दीड वर्ष पोटभर खाऊन, सावलीत राहून, एका झटक्यात जाणं बरं, असं माझं मत होतं. आजही आहे.

पण हे मत मोठ्यानं बोलायला मला सुरतेत जागा नव्हती. तबेलेवाल्यांना ते ऐकायचं नव्हतं. शेजारी दोन घरं माळकरी. बायकोनं मला एकदाच विचारलं होतं, "शेवटी ती कुठं जातात?" मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून काटा घरात न आणता जिन्याखाली ठेवायचा, असं न बोलता ठरलं.

कतारगामच्या मगनभाईंचा तबेला माझ्या यादीत पहिला. चाळीस म्हशी, स्वभावानं गोड माणूस, कपाळावर रोज ताजं गंध. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "साहेब, आ पाडानुं शुं करवानुं? दूध पीए ने कंई आपे नहीं." दूध पितो आणि देत काही नाही, म्हणे.

मी म्हटलं, "मांस देतो."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "एवुं ना बोलो साहेब. सवार सवारमां." सकाळी सकाळी असलं बोलू नका.

त्यांच्या मागे कोपऱ्यात एक पाडा पडला होता, आठ-दहा दिवसांचा. दोरी इतकी आखूड की मान जमिनीला टेकत नव्हती. मारणं पाप म्हणून मगनभाई त्याला मारत नव्हते. नुसतं बांधून ठेवत होते.

तरी ते योजनेत आले, कारण दाण्याची गोणी फुकट होती. नियम असा होता की रेडकाचं वजन महिन्याला ठरल्याप्रमाणे वाढलं तरच पुढच्या महिन्याची गोणी मिळेल. वजन करायला मी. तीन बांबूंच्या तिकाटण्याला काटा टांगायचा, रेडकाच्या पोटाखालून झोळी घ्यायची, उचलून आकड्यात अडकवायची आणि सुई थांबेपर्यंत वाट पाहायची. सुई थांबायला वेळ लागतो, कारण रेडकू हलत असतं. बाकीचे निरीक्षक मधला आकडा धरत. मी थांबायचो.

तिसऱ्या महिन्यात मगनभाईंचा एक पाडा अडतीस किलोंवरून थेट बावन्नवर गेला. चौदा किलो. पोट ढोलासारखं, पाय मात्र काड्या. मी काट्याकडे बघत उभा होतो तेवढ्यात पाड्यानं झोळीतच धार सोडली. बराच वेळ सोडली. सुई माझ्या डोळ्यांदेखत पन्नासवर आली.

मगनभाई म्हणाले, "साहेब, ए तो बीकनो मार्यो." म्हणजे भीतीनं.

"मगनभाई," मी म्हटलं, "भीतीनं दोन किलो उतरले ते समजलं. चौदा कशानं चढले?"

त्यांचा गडी खाली बघून हसला आणि मला उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी दाण्यात मूठभर मीठ टाकायचं, रात्रभर पाणी द्यायचं नाही आणि मी यायच्या आधी बादली पुढं करायची. तहानलेलं रेडकू दहा-बारा लिटर एका दमात ओढतं. एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो रेडकू.

मी खूश झालो, हे कबूल करतो. चोरी पकडली गेली की आकड्यांच्या माणसाला जो आनंद होतो, तो मला झाला. त्याच आठवड्यात मी सगळ्या एकोणीस ठिकाणी नियम सांगितला. वजनाच्या आदल्या संध्याकाळी सातपासून मी येईपर्यंत पाणी बंद. आधी वजन, मग पाणी. ज्यानं आधी पाजलं त्याचं वजन धरलं जाणार नाही आणि गोणी मिळणार नाही. माझ्या वरच्या अधिकाऱ्यांना, देसाईसाहेबांना, नियम इतका आवडला की त्यांनी तो टाइप करून वर पाठवला आणि परिपत्रक म्हणून तो बाकीच्या निरीक्षकांकडेही आला. त्यावर माझं नाव नव्हतं, पण नियम माझा आहे हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं.

यादीतलं शेवटचं ठिकाण माझ्याच कोसाडमधलं, वसाहतीच्या मागच्या बाजूला. हिराबाई मूळची आमच्याच खानदेशातली, नंदुरबारकडची. नवरा पलसाण्याला डाइंगमध्ये कामाला. तिथंच राहायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. हिराबाई रोज पहाटे कतारगामला मगनभाईंच्या तबेल्यात शेण काढायला जायची, पुढं वजनाच्या दिवशी तेवढा खाडा करायची. तिथून टाकून द्यायच्या लायकीचे दोन पाडे तिनं मागून आणले होते. रिक्षावाला बसवेना, म्हणून एकेक करून हातगाडीवर आणले. पत्र्याच्या पडवीत बांधले आणि कोणाकडून तरी ऐकून माझ्याकडे आली. "भाऊ, तुमनी योजनामा माले लिखी ल्या."

मी त्यांच्या कानाला बिल्ले लावले. सदतीस आणि अडतीस. ती सदतीसला धाकला म्हणायची आणि अडतीसला मोठला. योजनेतल्या चौसष्ट रेडकांपैकी दोरी मोजावी लागली नाही अशी ही दोनच. तिनं दोरीच बांधली नव्हती, पडवीला आडवं लाकूड लावलं होतं. दाणा मोजून द्यायची. रविवारी दोघांना घासून आंघोळ घालायची. विकल्यावर येईल त्या पैशांत एक दुभती म्हैस घ्यायची आणि शेण काढणं सोडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. शेवटी पाडे कुठं जाणार हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "माले माहीत शे. पन तवलोंग तं जगतीन." तोवर तर जगतील.

तिच्याकडे गेलं की एक गोष्ट ठरलेली. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाशी पाणी दिल्याशिवाय बोलत नाहीत. ती माझी मोपेड थांबायच्या आत तांब्या घेऊन उभी असायची. मी पाणी प्यायचो, तांब्या परत द्यायचो आणि मगच ती "बठा भाऊ" म्हणायची. सुरतेत मला साहेब म्हणणारे पुष्कळ होते, भाऊ म्हणणारी ही एकच. महिन्यातून एकदा तिच्या पडवीत बसून आमच्या बोलीत दहा मिनिटं बोलणं, हे त्या काळात माझं सगळ्यात मोकळं बोलणं असे. इथं मला काही लपवावं लागत नव्हतं.

नियम झाल्यावरच्या दुसऱ्या महिन्यात मी गेलो तेव्हा तिनं स्वतःहूनच सांगितलं, "भाऊ, धाकला लई वरडत व्हता. अर्धी बादली पाजी दिधी मी."

कोणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. अर्धी बादली म्हणजे साधारण सहा लिटर, सहा किलो वजा करूनही धाकल्याची वाढ पुरेशी होती. पण साधारण या शब्दावर माझा विश्वास नव्हता. मी वहीत लिहिलं, 'वजन अग्राह्य', आणि त्याची त्या महिन्याची गोणी थांबवली. तिला म्हटलं, "हिराबाई, तुमच्यासाठी वेगळा नियम केला तर मगनभाईंना काय तोंड दाखवू?"

ती म्हणाली, "बराबर शे भाऊ." महिनाभर तिनं एका गोणीत दोघांना भागवलं.

त्याच्या पुढचं वजन वैशाखात आलं. तिच्याकडे मी नेहमी सकाळी साडेसातला पोचत असे. त्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणांची अडचण होती म्हणून मी क्रम बदलला होता. मगनभाईंकडे साडेसहाला, मग थेट कोसाड. मगनभाईंकडे रिकामा काटा टांगला तर सुई शून्यावर येईना. अर्ध्या किलोवर थांबली. अर्धा किलो वजा करून पुढं जाता आलं असतं. पण तो फरक सगळ्या वजनांना सारखाच राहतो की वजनाबरोबर वाढतो, हे तपासायला हवं होतं. मी काटा घेऊन धान्याच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याचं दुकान उघडेपर्यंत थांबलो. शिक्क्याची वजनं एकेक करून लावली, आकडे लिहिले. फरक वाढत होता. मग काटा दुरुस्त करणारा शोधला, त्यानं स्प्रिंग उघडली, पुन्हा सगळी वजनं लावली. मगनभाईंकडे परत जाऊन त्यांचे पाडे तोलले. या सगळ्यात कोसाडची आठवण मला झाली नाही, असं नाही. झाली. उशीर होतोय, असं वाटलं. उशीर म्हणजे तिथं काय होत असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

कोसाडला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पत्र्याकडे बघवत नव्हतं. हिराबाई दारात तांब्या घेऊन उभी. माझा घसा कोरडा पडला होता. मी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली आणला. तिनं तो परत घेतला, पण बठा म्हणाली नाही.

मी म्हटलं, "उशीर झाला. काट्यात बिघाड निघाला. चला, घेऊ दोघांना."

"एकच शे आते," ती म्हणाली.

पडवीत धाकला आडवा पडला होता. मान मागे वळलेली, जीभ बाहेर. आडव्या लाकडाच्या अलीकडे पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली, वर ताटली झाकलेली. ती पहाटेपासून तिथं होती. मी आलो, वजन झालं की लगेच पुढं करता यावी म्हणून तिनं ती भरून ठेवली होती.

"दोन दिन पोट बिघडेल व्हतं त्यानं," ती सांगू लागली. "सकाय वरडत व्हता. मंग गपचूप बठी गया. मी म्हटलं, भाऊ आते येतीन. तुमनी वाट देखत व्हतू."

पोट बिघडलेलं रेडकू, एकोणीस तास पाण्याशिवाय, पत्र्याखाली. मी हात लावला. अंग अजून गरम होतं, पण ते उन्हानं.

मोठला उभा होता. डोळे आत गेलेले, लाकडावरून मान बादलीकडे ताणलेली. हिराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊ, याचं तरी माप लवकर घ्या. मंग पाजते."

मी म्हटलं, "पाणी द्या त्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "माप?"

"आधी पाणी द्या, हिराबाई."

तिनं ताटली काढली. मोठल्यानं तोंड घातलं ते बादलीचा तळ लागेपर्यंत वर काढलं नाही. दुसरी बादलीही मी भरून आणली. मी मोजत होतो. सवय अशी जात नाही. ती थोडी थोडी करून, मध्ये थांबवून पाजली. दोन्ही मिळून त्यानं सोळा लिटर घेतलं.

मेलेल्या जनावराचंही वजन घ्यावं लागतं, नियम आहे. धाकल्याला झोळीत घेतलं. पहिल्यांदाच सुई लगेच स्थिर झाली.

हिराबाई मागे उभी होती. "मीच येक घोट दिधा असता," ती म्हणाली. "मागल्या खेपले दिधा तसाच."

या वाक्यानंतर माझ्याकडून एक वाक्य यायला हवं होतं. ते आलं नाही. मी काटा उतरवला, झोळीची घडी घातली आणि उद्या कागद घेऊन येतो असं सांगून निघालो.

कागद म्हणजे मृत्यूचा नमुना. त्यात कारणाखाली तीनच पर्याय छापलेले. आजार, अपघात, पाळणाऱ्याची हयगय. चौथा रकाना नव्हता. मी रात्रभर विचार करून, समासात जागा होती तिथं लिहिलं: निरीक्षकाच्या सूचनेवरून पाणी बंद, निरीक्षक सहा तास चाळीस मिनिटं उशिरा. सही केली आणि देसाईसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी मला बोलावलं. दार लावायला सांगितलं. देसाईसाहेब वाईट माणूस नव्हते, माझ्या मुलीच्या लग्नात घरी येऊन गेले होते. म्हणाले, "हे काय लिहिलं आहे?"

"जे झालं ते."

"नियम तुमचा. वर मी पाठवलेला. आता तो चुकीचा होता असं या कागदावर लिहून मी वर पाठवू?"

"हो साहेब."

"ते हे वाचून काय करतील सांगू? समासातलं वाचणारच नाहीत. तीनपैकी कशावर खूण आहे ते बघतील. आजारावर नसेल, अपघातावर नसेल, तर हयगय धरतील. बाईचं नाव कमी होईल. दुसरा पाडा परत घेऊन कोणाला तरी देऊ, तुमच्या त्या मगनभाईला कदाचित. ते चालेल तुम्हाला?"

मी माझा कागद परत हातात घेतला.

"त्याचं पोट बिघडलेलं होतं, म्हणता ना?"

"होतं."

"मग?" त्यांनी कोरा नमुना पुढं सरकवला.

माझ्या खऱ्या कागदाची किंमत तिनं मोजायची होती. मागच्या महिन्यात माझ्या नेमकेपणाची किंमत तिनं एका गोणीत मोजली होती, या महिन्यात एका रेडकात. मी आजारावर खूण केली. पुढं लिहिलं, हगवण. नोकरीत मी लिहिलेली खोटी नोंद ही एकच, आणि तीही अर्धी खरी.

दुसऱ्या दिवशी कागद हिराबाईकडे नेला. तिला सही येत होती. मी वाचून दाखवलं. हगवण ऐकल्यावर तिनं मोठल्याकडे पाहिलं. मग बोट ठेवून विचारलं, "इथं करू?" आणि सही केली. आधी तांब्या दिला होताच.

पुढच्या फेरीपासून मी सगळीकडे तोंडी सांगितलं, पाणी कधीच बंद करायचं नाही. परिपत्रक मागे घ्या म्हणून देसाईसाहेबांकडे दोनदा गेलो. बघतो म्हणाले. बाकीच्या निरीक्षकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एकजण हसला, म्हणाला, "अहो, आम्ही कुठं पाळतो तो नियम?" त्या उत्तरानं मला बरंही वाटलं आणि वाईटही. मगनभाईंचे पाडे पुन्हा महिन्याला दहा-दहा किलो वाढू लागले. मी तीन दिवसांचं सरासरी वजन धरू लागलो, तरी माझे आकडे तीन-चार किलोंनी चुकत होते आणि मला ते माहीत होतं. देसाईसाहेब म्हणायचे, तुमचं काम आता चांगलं चाललंय.

हिराबाईच्या पडवीत बसणं मी बंद केलं. उभ्यानं पाणी प्यायचो, मोठल्याला तोलायचो आणि निघायचो. ती बठा म्हणायची. मी घाई आहे म्हणायचो. घाई नव्हती. तिथून निघून मी कालव्याच्या कडेला मोपेड लावून बसायचो, घरी जायची वेळ होईपर्यंत. घरी तरी कोणाला सांगणार? जिची एवढीच अपेक्षा होती की काटा आत येऊ नये, तिला आत काय काय घेऊन येतो हे कसं सांगायचं?

वर्षभरात योजना गुंडाळली गेली. कारण कळवलं नाही. जी रेडकं वजनाला आली होती ती विकून टाका, असा निरोप आला. मोठला चांगला झाला होता, काळाभोर, पाठ भरलेली. सकाळी टेंपो आला तेव्हा हिराबाईनं त्याला आंघोळ घातली होती. बादली पुढं केली. तो प्याला. मी घड्याळात पाहिलं, सहा पंचवीस. तिनं त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि दोरी माझ्या हातात दिली.

"तिथं पानी ऱ्हास ना, भाऊ?"

"असतं," मी म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं. इतके महिने मी वजनं केली होती, पण शेवटच्या जागी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी टेंपोत बसलो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला जनावरांचा वाडा होता. तिथला म्हातारा, युनूसचाचा, दाढी मेंदीनं रंगवलेली, लुंगी वर खोचलेली. जनावर उतरवलं तशी त्यांनी मोठल्याच्या अंगाकडे, पाठीकडे पाहिलंच नाही. दोन बोटं त्याच्या नाकपुडीजवळ नेली आणि विचारलं, "पानी कब पिया इसने?"

"छह पच्चीस को."

"घडी देखके पिलाते हो, साहब?"

"हां."

ते हसले. मोठल्याला सिमेंटच्या हौदाशी नेलं. हौद भरलेला होता, शेवाळ काढून घासलेला. सांगू लागले, चारा आदल्या दिवसापासून बंद करायचा, पण पाणी शेवटपर्यंत समोर ठेवायचं. प्यासा जनावर आपल्या हातून गेला तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. त्यांच्या बापानं हे शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापानं. कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

मी तिथं एका उलट्या टोपलीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. मीठ, नियम, गोणी, काटा, बादली, ताटली. हिंदी माझी धड नाही, पण सांगितलं. ते एका हातानं मोठल्याची मान खाजवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "उस बाई को बोला?"

"नहीं."

"तो मेरे को कायको बोलते हो?"

मी तिथून रिकाम्या टेंपोनं परत आलो आणि घरी न जाता कोसाडच्या मागच्या बाजूला उतरलो. हिराबाई पडवी झाडत होती. मला पाहून तिनं केरसुणी टाकली आणि आत गेली, तांब्या घेऊन बाहेर आली. मी तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

म्हटलं, "हिराबाई, धाकला तुमच्या चुकीनं गेला नाही. हगवणीनंही नाही. माझ्या नियमानं गेला. मी वेळेवर आलो नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

ती पडवीच्या आडव्या लाकडाला टेकली. "माले माहीत शे, भाऊ."

"कधीपासून?"

"तधयपासून. तुमी पानी पेल्हात ना, तधयपासून." म्हणजे त्या दुपारी मी तिच्या हातचा तांब्या रिकामा केला तेव्हापासून.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? वर्षभर?"

तिनं माझ्या खिशातल्या वहीकडे पाहिलं. "बोलले असते तं तुमी लगेच लिखी लेतलं असतं. मंग मोठला बी गया असता."

मी पाणी प्यायलो. ती बठा म्हणाली आणि मी बसलो. ती मग केर भरायला लागली. टेकण्यासाठी मागे लाकूड होतं, त्याच्या पलीकडे जागा मोकळी होती.

पुढं तिनं म्हैस घेतली. नवराही पलसाण्याहून परत आला. मग ते खानदेशात परत गेले असं ऐकलं. खात्यातले ते कागद एव्हाना रद्दीत गेले असतील. त्यामुळे आता लिहिलं तरी कोणाचं काही जात नाही.

नर रेडकू, बिल्ला क्रमांक सदतीस, कोसाड. पाळणाऱ्याची हयगय नाही. मृत्यूचं कारण: निरीक्षकाचा नियम आणि निरीक्षकाचा उशीर. मृत्यूच्या वेळचं वजन एक्केचाळीस किलो. पाण्याआधी.